डॅम्प कोर्सचं चौथं कडवं

डॅम्प कोर्स हा आमचा बँड गणपतीतल्या एका शनिवारी, आरतीच्या जरासा आधी, संपला. केतकी लंडनला गेली, ओवेन वडिलांबरोबर लोकांची छपरं दुरुस्त करू लागला, आणि मी कराडला परत येऊन कानाच्या मशीनचं दुकान टाकलं. झालं सांगून.

आता हे विसरा. असं काहीही घडलेलं नाही. दुपार आहे. हॅदरबीच्या चर्चमागे एक हॉल आहे, हॉलला लागून महाराष्ट्र मंडळाची सामानाची खोली आहे, आणि त्या खोलीत केतकी घडीच्या खुर्च्यांच्या ढिगावर बसून चहात बिस्कीट बुडवते आहे. बिस्कीट अजून तुटलेलं नाही.

"पुश, तुझं लक्ष आहे का?"

"बिस्किटाकडे आहे."

"गाण्याकडे दे."

पुश म्हणजे मी. पुष्कर इनामदार. ओवेनच्या वेल्श जिभेला एवढंच झेपलं. इंग्लंडमधल्या निम्म्या दारांवर माझं नाव लिहिलेलं असतं, त्याचा मला आयुष्यात काडीचा उपयोग झाला नाही.

हॅदरबी हे मध्य इंग्लंडमधलं असं गाव आहे की तिथे आगगाडी थांबते, पण का ते तिलाही माहीत नसतं. मी शाळेत असताना बाबांना तिथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली म्हणून आम्ही गेलो. केतकी सबनीस तिथेच जन्मली होती. गावात चाळीसेक मराठी घरं होती, त्यांचं एक मंडळ होतं आणि मंडळात तीन गट होते. आम्ही कुठल्याच गटात नसल्यामुळे आम्हाला तालमीसाठी सामानाची खोली मिळाली. थर्मोकोलचं मखर, लेझमी, एक भलामोठा कागदी सिंह आणि आम्ही. भाडं नाही. बदल्यात दर कार्यक्रमाला खुर्च्या लावायच्या आणि वर्षातून एकदा, गणेशोत्सवात, विविध गुणदर्शनात वाजवायचं.

डॅम्प कोर्स म्हणजे इंग्रजी घरांच्या भिंतीत तळाशी घातलेला पट्टा. जमिनीतली ओल वर चढू नये म्हणून घालतात. नाव ओवेननं सुचवलं, कारण त्याच्या घराला तो नव्हता. केतकी गायची आणि गिटार वाजवायची, मी खालच्या जाड सुरांची बेस गिटार, आणि ओवेन ड्रम्स. आमचं संगीत अल्टरनेटिव्ह रॉक होतं. "कशाला अल्टरनेटिव्ह?" असं आई विचारायची. "नोकरीला," असं बाबा सांगायचे.

कारकीर्द म्हणाल तर होती. आजूबाजूच्या पबांमध्ये आम्ही वाजवायचो. एका पबमध्ये प्रेक्षक म्हणून एक कुत्रा होता आणि तो दुसऱ्या गाण्यापर्यंत थांबला होता. स्थानिक पेपरात आमच्यावर एक ओळ आली होती : "हॅदरबीच्या हवामानाला साजेसं संगीत." केतकीच्या आईनं तिचं कात्रण फ्रिजवर लावलं. त्या ओळीचा अर्थ तिला कुणी सांगितला नाही.

तर बिस्कीट.

"पहिली तीन कडवी मी एकटी गाणार," केतकी म्हणाली. "गिटारही अगदी थोडी. एक बाई आहे, घरात एकटीच. एका कडव्यात स्वयंपाकघरात दिवा लावते, एका कडव्यात जिन्यात, एकात वरच्या खोलीत. कुणाचीतरी वाट बघते. मग थांबायचं."

"थांबायचं म्हणजे?" ओवेननं विचारलं.

"म्हणजे शांतता. कुणी काही वाजवायचं नाही. तू मनात हळूहळू चार मोजायचेस. आणि चारवर पुशचा बेस."

"आणि मी?"

"तू त्याच्या मागून."

"तोवर तीन कडवी मी काय करू?"

"बस."

"बसलेलोच असतो. मी ड्रमर आहे."

केतकीनं बिस्कीट वर काढलं. ते तुटलं. तिनं चहाकडे असं पाहिलं, जणू काही चहानंच शब्द मोडला होता. मग माझ्याकडे वळली.

"बेस म्हणजे काय, माहितीये? खाली दार उघडलं. कुणीतरी घरी आलं."

"कोण?" मी विचारलं.

"ते चौथ्या कडव्यात आहे."

"मग म्हण की चौथं कडवं."

"ते स्टेजवर."

"तालमीत काय करायचं?"

"तालमीत मी नुसती गुणगुणेन. तू वाजव."

"कुठल्या सुरावरून येऊ?"

"तुला जिथून यावंसं वाटेल, तिथून ये," ती म्हणाली, आणि चमच्यानं बिस्कीट शोधू लागली.

मी त्या महिन्यात सगळीकडून आलो. वरून आलो, खालून आलो, दोनदा उशिरा आलो. ती दर वेळी तीन कडवी गायची, थांबायची, माझा बेस सुरू झाला की डोळे मिटून शब्दांशिवाय गुणगुणायची. मला त्या गुणगुणण्यातून शब्द काढता येतात का ते मी बघायचो. नाही येत. आज माझ्या दुकानात मी लोकांना हेडफोन लावून बारीक आवाज ऐकवतो आणि सांगतो, ऐकू आलं की बोट वर करा. काही लोक आवाज नसतानाही बोट वर करतात. मी त्यांना कधी रागावत नाही.

*

लंडनच्या एका रेकॉर्ड कंपनीतल्या मिस पिम यांनी आमचं एक गाणं इंटरनेटवर ऐकलं होतं. त्यांचा फोन आला, त्यांना आम्हाला प्रत्यक्ष ऐकायचं होतं म्हणून. पुढचे दोन महिने त्या कामात होत्या. फक्त एका शनिवारी त्यांच्या मावशीचा वाढदिवस हॅदरबीजवळ होता, तेव्हा दुपारी त्या येऊ शकत होत्या. त्या शनिवारी आमचा कुठे कार्यक्रम आहे का?

होता. मंडळात. 'वेशभूषा स्पर्धा' आणि 'महाप्रसाद' यांच्या मध्ये.

आम्ही आठल्येकाकांकडे गेलो. भालचंद्र आठल्ये हे मंडळाचे सचिव. नोकरीभर त्यांनी हॅदरबीच्या बसगाड्यांची वेळापत्रकं आखली होती, आणि निवृत्त झाल्यापासून मंडळाचा एकही कार्यक्रम वेळेवर सुरू होऊ दिला नव्हता. सामानाची खोली आम्हाला त्यांनीच मिळवून दिली होती, कमिटीशी भांडून. आमचं एकही गाणं मात्र त्यांनी ऐकलं नव्हतं. आम्ही वाजवायला लागलो की ते कोट चढवून फिरायला जायचे. "कान सोसत नाहीत रे बाळांनो," ते म्हणायचे, "पण अभिमान पूर्ण आहे."

"काका," केतकी म्हणाली, "लंडनहून एक बाई येणारेत. आम्हाला ऐकायला. त्यांच्यासाठी मागे एक खुर्ची ठेवाल?"

"मागे?" काका म्हणाले.

"हो, मागेच. त्यांना कुणाच्या लक्षात यायचं नसतं."

"लंडनहून पाहुणी येणार आणि मी तिला मागे बसवू?" काकांनी माझ्याकडे पाहिलं. "अरे पुष्कर, तू तरी सांग. आपल्यात अशी पद्धत आहे का?"

"नाही, पण काका..."

"बस. पुढचं माझ्यावर सोड."

ओवेनला मराठी फारसं कळत नसे, पण काकांचा चेहरा कळायचा. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "काका खूष दिसले. आपण मेलो ना?"

*

हॉल सहा वाजता रिकामा करायचा, हा चर्चचा नियम होता आणि तो पाळायला मिस्टर डॉब्स नावाचा माणूस होता. डॉब्सकडे किल्ल्यांचा जुडगा होता आणि सहानंतर हॉलमध्ये त्याला वृद्धांचा नाच लावायचा असे. कार्यक्रम तीनचा होता. चारला सुरू झाला.

मिस पिम उंच होत्या, राखाडी कोट, हातात छोटी वही. दारातून मागच्या रांगेकडे सरकत होत्या तेवढ्यात काकांनी त्यांना गाठलं आणि थेट स्टेजवर नेलं. तिथे टेबलावर पांढरी चादर, पाण्याचे ग्लास आणि 'प्रमुख पाहुण्या' अशी पाटी होती. पिमबाई बसल्या. इंग्रज माणसाला कुणी आदरानं खुर्ची दिली तर त्यातून उठायचं कसं, हे त्यांच्या शाळेत शिकवत नाहीत.

दीपप्रज्वलन झालं. पिमबाईंनी तीन वाती लावल्या आणि त्यातली एक काकांनी काडीवर फुंकर घालताना चुकून विझवली. मग प्रास्ताविक. मग वेशभूषा स्पर्धा : तीन टिळक, एक अंतराळवीर आणि एक मुलगा, जो आपण कोण आहोत हे विसरल्यामुळे रडत होता. मग काका माइकवर आले.

"आणि आता, एक छोटासा सत्कार."

केतकीनं माझा हात दाबला. "छोटासा," ती पुटपुटली. "त्यांचा छोटासा मी बारशापासून बघतेय."

पिमबाईंच्या खांद्यांवर शाल आली, हातात नारळ आला. नारळ कसा धरावा हे न कळून त्यांनी तो बाळासारखा धरला. पण पाहुणीचा सत्कार केला आणि चर्चच्या पाद्रीसाहेबांच्या बायकोचा नाही केला तर बरं दिसेल का? तिचा झाला. मग गेली सहा वर्षं प्रसादाचा शिरा करणाऱ्या लिमयेवहिनींचा झाला. मग एका गटातल्या वहिनींचा झाला म्हणून बाकीच्या दोन गटांतल्या वहिनींचा. तेवढ्यात दारात उभा असलेला डॉब्स आपल्या घड्याळाकडे बघताना काकांना दिसला.

"आणि आपले मिस्टर डॉब्स!"

डॉब्सला कुणीतरी पुढे ढकललं. शाल, नारळ, कपाळाला टिळा, टाळ्या. मला वाटतं, त्याचा आयुष्यात कुणी सत्कार केला नव्हता. त्याचे डोळे भरून आले. भरल्या डोळ्यांनी त्यानं पुन्हा घड्याळ बघितलं.

"आता प्रमुख पाहुण्यांना विनंती, त्यांनी दोन शब्द बोलावेत," काका इंग्रजीतून म्हणाले.

पिमबाई उठल्या. "थँक यू," म्हणाल्या आणि बसल्या. दोनच म्हणायचे असतात अशी त्यांची समजूत. हॉलमध्ये किंचित नाराजी पसरली.

मग काका आमच्याकडे आले, खुषीत, घामाघूम. "चला, बाळांनो! वेळ थोडा कमी आहे, आरतीही व्हायची आहे. एकच गाणं घ्या. पण असं घ्या, की लंडन हादरलं पाहिजे."

आमची ठरलेली गाणी चार होती.

स्टेजच्या मागे पडद्याआड आम्ही तिघं एकमेकांकडे बघत उभे राहिलो.

"जलद गाणं घे," ओवेन म्हणाला. "ज्यात मी आहे. त्या बाईला कळू दे की आपण तिघं आहोत."

"नवीन घ्यायचं," केतकी म्हणाली.

"केट, त्या गाण्यात मी तीन कडवी बेकार असतो. पुशही. ते संपेपर्यंत ती म्हातारी होईल."

"तीन कडवी थांबलास, की मग बघ काय होतं ते." ती माझ्याकडे वळली. "पुश?"

मला जलद गाणंच घ्यायला हवं होतं. बँडच्या दृष्टीनं तेच बरोबर होतं. पिमबाईंनी आम्हाला घेतलं तर आम्ही तिघं लंडनला एका घरात राहणार होतो, ज्याला डॅम्प कोर्स नसणार हे नक्की होतं. आणि नाही घेतलं तर केतकी जानेवारीत तिच्या बहिणीकडे शिकायला जाणार होती. तिनं तसं घरी कबूल केलं होतं. म्हणजे त्या एका गाण्यावर सगळं होतं.

"नवीन," मी म्हणालो.

मला चौथं कडवं ऐकायचं होतं.

*

ती गायला लागली तेव्हा मागच्या रांगेत कुणीतरी घरच्या वांग्यांबद्दल बोलत होतं. स्वयंपाकघरातला दिवा लागेपर्यंत वांगी थांबली. जिन्यातला दिवा लागला तेव्हा रडणारा मुलगाही थांबला. माझ्या मागे टेबलाशी पिमबाई नारळ घेऊन बसल्या होत्या. त्या मला दिसत नव्हत्या, पण त्यांच्या पेनचा आवाज आधी येत होता आणि मग यायचा बंद झाला.

मी बेस गळ्यात अडकवून उभा. डावा हात जागेवर, उजव्या हाताची बोटं तारेला जेमतेम लागलेली. ओवेन दोन्ही काठ्या मांडीवर ठेवून बसलेला, एखाद्या शहाण्या मुलासारखा. तिसरं कडवं. वरची खोली. बाई खिडकीशी येते, काचेवरची वाफ हातानं पुसते, रस्त्याकडे बघते. रस्त्यावर कुणी नाही. केतकीनं शेवटचा शब्द हवेत सोडून दिला आणि गिटारच्या तारांवर तळवा ठेवला.

शांतता.

मी इतकी शांतता मंडळात कधी ऐकली नव्हती. चाळीस मराठी घरं एका हॉलमध्ये, आणि कुणी खोकतसुद्धा नव्हतं. ओवेननं काठ्या उचलल्या. त्याचे ओठ हलताना मला दिसले. एक. केतकीनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ती हसत नव्हती. दोन. तिनं श्वास घेतला, शब्दांसाठी घेतात तसा. तीन.

"वा!" काका म्हणाले.

ते कधी स्टेजवर चढले, कळलं नाही. गालांवरून पाणी ओघळत होतं. त्यांनी केतकीच्या समोरचा माइक हलकेच स्वतःकडे ओढला.

"काय बोलू? शब्द नाहीत. आपल्या केतकीनं आज..." त्यांचा आवाज फुटला. हॉल उठून उभा राहिला. टाळ्या. लिमयेवहिनी पदरानं डोळे पुसत होत्या. "तर आता वेळेअभावी मी थोडक्यात आभार मानतो."

ते थोडक्यात नव्हते. त्यांनी पाद्रीसाहेबांचे, मंडप बांधणाऱ्यांचे, हवामानाचे आणि ज्यांची नावं अनवधानानं राहिली त्यांचे आभार मानले. मी तसाच उभा होतो, बोटं तारेवर. ओवेनच्या काठ्या अजून वर होत्या. तो तीनवर अडकला होता.

मग आरती सुरू झाली. कुणीतरी ओवेनच्या हातातून काठ्या काढून घेऊन तिथे झांजा दिल्या, दर वर्षी देतात तशा. त्यानं माझ्याकडे हताशपणे पाहिलं आणि झांजा वाजवायला लागला. त्या तो फार सुंदर वाजवायचा. आरती कुणासाठी थांबत नाही, आणि ती चालू असताना बेस गिटार वाजवायची आपल्यात पद्धत नाही.

*

पिमबाईंनी केतकीला दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ गाठलं. आम्ही दोघं मागून पोचलो. त्यांच्या खांद्यांवर शाल तशीच होती, काढावी की नाही हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"इतक्या वर्षांत मी असं काही पाहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. "ते गाणं. आणि शेवट! कुणी येतच नाही. अशा जागी संपवायला धाडस लागतं."

"ते संपलं नव्हतं," केतकी म्हणाली.

"अगदी बरोबर. ते संपत नाही."

"नाही, म्हणजे खरंच संपलं नव्हतं. पुढे बेस येतो. मग ड्रम्स. अजून एक कडवं आहे."

पिमबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग ओवेनकडे. त्यांच्या चेहऱ्यावर भीती उमटली. "नको," त्या म्हणाल्या. "कृपा करून नको. तुम्ही दोघं जे करता ते विलक्षण आहे. वाद्यं घेऊन उभं राहायचं आणि वाजवायचंच नाही! मी बघत होते. एकदाही हलला नाहीत. मी तिघांनाही घ्यायला तयार आहे, पण ते तसंच राहायला हवं. सगळ्या गाण्यांत."

"म्हणजे आम्ही वाजवायचं नाही?" ओवेन म्हणाला.

"अजिबात."

"मी बसू शकतो का?"

"त्यावर बोलता येईल," पिमबाई गंभीरपणे म्हणाल्या.

"एकदा ऐका तरी," केतकी म्हणाली. "दोन मिनिटं. पुश, सामान अजून लावलेलंच आहे. चल."

आम्ही आत पळालो. डॉब्स स्टेजच्या पायऱ्यांवर उभा होता. कपाळावर टिळा, खांद्यांवर शाल, एका काखेत नारळ, हातात प्लग. आमचा.

"मिस्टर डॉब्स, दोन मिनिटं," मी म्हणालो.

"सहा वाजले."

"दोनच मिनिटं हो."

"पोरा," तो अगदी मायेनं म्हणाला, "तुम्ही लोकांनी आज माझ्यासाठी जे केलं ते मी विसरणार नाही. पण सहा वाजले." त्याच्यामागे नाचायला आलेली म्हातारी जोडपी बूट बदलत होती.

काका धावत आले. "काय झालं? काही राहिलं का?"

ओवेननं केतकीकडे पाहिलं, केतकीनं माझ्याकडे. शेवटी मीच म्हणालो, "काका, गाणं राहिलं. मध्ये थांबलो होतो. पुढे होतं."

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. मग ते जवळच्या खुर्चीवर बसले.

"मला वाटलं संपलं रे," ते म्हणाले. "इतकं शांत झालं. आपल्यात इतकं शांत झालं की कुणीतरी उठून आभार मानावे लागतात ना. मी... डॉब्स, प्लीज. टू मिनिट्स. आय बेग यू."

डॉब्सनं मान हलवली. नारळ सांभाळत त्यानं वायर गुंडाळली. काका डॉब्सच्या शालीचं टोक धरून उभे राहिले, पण ती ओढून घेता येईना. शेवटी ती त्यांनीच पांघरली होती.

*

पिमबाई त्यांच्या मावशीकडे गेल्या. उत्तर सोमवारी हवं होतं. आम्ही हॉलच्या बाहेरच्या बुटक्या भिंतीवर बसलो. अजून छान ऊन होतं. आतून म्हाताऱ्यांच्या नाचाचं संगीत येत होतं, त्याला बेस होता.

"माझं उत्तर नाही," ओवेन म्हणाला. "न वाजवायचंच असेल, तर ते मी घरी फुकट करतोच." तो उतरला, आम्हा दोघांच्या डोक्यांवर एकेक टपली मारली आणि गेला. ड्रम्स न्यायला परत आला आणि पुन्हा गेला. या जाण्याचा परिणाम त्यामुळे थोडा कमी झाला.

केतकी भिंतीवरचं शेवाळ नखानं खरवडत होती.

"मी नाही म्हणून सांगते तिला," ती म्हणाली. "तिला बँड कळलेलाच नाहीये."

"मग जानेवारीत बहिणीकडे."

"हो."

"आणि गाणं?"

ती शेवाळ खरवडत राहिली.

"केतकी," मी म्हणालो, "मी राहीन उभा."

"काय?"

"नुसता उभा राहीन. बेस घेऊन. मला जमतं ते. आज जमलं की."

"सगळ्या गाण्यांत?"

"सगळ्या."

"गावोगाव? एक सूरही न वाजवता?"

"कपडे चांगले घालीन."

ती हसली नाही. मला वाटलं होतं ती हसेल. तिनं शेवाळ खरवडायचं थांबवलं आणि माझ्याकडे तसंच पाहिलं, जसं दोन आणि तीनच्या मध्ये पाहिलं होतं.

"तू खरंच राहशील," ती म्हणाली.

"हो."

"म्हणूनच नको."

मी म्हणालो, "चौथं कडवं सांग तरी."

"इथे?"

"इथे."

तिनं तोंड उघडलं. आत म्हाताऱ्यांचं गाणं बदललं, कुणीतरी टाळी वाजवली. तिनं मान हलवली. "असं नुसतं बोलायचं नाहीये ते. तुझ्या बेसवर आहे."

मी बेस तिच्या मांडीवर ठेवला. "मग हा घेऊन जा," मी म्हणालो. "जिथे जाशील तिथे. मी पाठीमागून येतो."

सोमवारी तिनं हो म्हणून कळवलं. एकटीसाठी. मीच तिला दोनदा फोन करून तसं सांगायला लावलं, आणि त्याबद्दल मला काहीही म्हणायचं नाही.

*

ते गाणं तुम्ही ऐकलं असेल. नसेल तर तुमच्या मुलीनं ऐकलं आहे. रेकॉर्डवर ते तिसऱ्या कडव्यानंतर संपतं आणि मग थोडी शांतता आहे. ती मुद्दाम ठेवली आहे असं म्हणतात. बँडचं नाव अजून डॅम्प कोर्सच आहे. स्टेजवर ती एकटी असते आणि तिच्या डावीकडे स्टँडवर एक बेस असतो, ज्याला कुणी हात लावत नाही. समीक्षक त्यावर पानंच्या पानं लिहितात. मला तो ओळखू येतो. खालच्या कडेला ओवेननं पाडलेला टवका आहे.

कराडला परतायच्या आधी मी एकदा बर्मिंगहॅमला तिकीट काढून गेलो होतो. तिनं तीन दिवे लावले. गाणं थांबलं. हजारो लोक गप्प. मी चार मोजले. चारवर टाळ्या सुरू झाल्या.

"कुणी येतच नाही ना शेवटी," शेजारचा माणूस डोळे पुसत म्हणाला. "भयंकर आहे."

"येतो," मी म्हणालो. "वाटेत कुणीतरी आभार मानत असेल."

तो थोडा लांब सरकला.

तिला नंतर भेटायला मागच्या दाराशी गेलो नाही. काय सांगणार होतो? मागून येतो म्हणालो होतो, ते आलो? मागच्या महिन्यात दुकानात गिऱ्हाईक नव्हतं म्हणून तिची एक मुलाखत बघत बसलो. मुलाखत घेणाऱ्यानं विचारलं, बेस कुणी वाजवत नाही, तर त्याचा आवाज मोठा करणारा अॅम्प चालू कसा? लाल दिवा दिसतो. दर कार्यक्रमाला.

केतकी म्हणाली, "फार वीज जात नाही."

मी शटर अर्धं ओढलं आणि खालील अर्ज लिहायला बसलो.

प्रति,
मा. सचिव,
हॅदरबी महाराष्ट्र मंडळ
(आठल्येकाका वारल्यापासून हे पद रिक्त आहे. मंडळ बर्मिंगहॅमच्या मंडळात विलीन झाले आहे.)

विषय : तहकूब कार्यक्रम पुढे सुरू करण्यास परवानगी मिळणेबाबत.

महोदय,

आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात खाली सही करणाऱ्याचा कार्यक्रम चालू असताना वेळेअभावी आभारप्रदर्शन करण्यात आले. वस्तुतः कार्यक्रम संपलेला नव्हता. घरात कुणी आले नाही असा जो समज त्यामुळे सर्वदूर पसरला आहे, तो चुकीचा आहे. अर्जदार त्या वेळी दारातच होता.

तरी सदर आभार मागे घेण्यात यावेत, आणि उर्वरित कार्यक्रम त्याच हॉलमध्ये, त्याच तिघांसह, शांततेच्या चौथ्या ठोक्यापासून पुढे सुरू करण्यास परवानगी द्यावी. हॉल पाडण्यात आला असल्याचे समजते. तो तेवढ्यापुरता बांधून मिळावा. श्री. डॉब्स यांना घड्याळ न बघण्याबाबत आपल्या स्तरावर सूचना व्हावी. दोन मिनिटांहून अधिक वेळ लागणार नाही.

अर्जदारास चौथे कडवे माहीत नाही. ते पूर्ण ऐकून होईपर्यंत कुणीही टाळ्या वाजवू नयेत व अर्जदारास हॉल रिकामा करण्यास सांगू नये, ही नम्र विनंती.